माज संपल्यानंतरचे दोन महिने: कुत्रीच्या गर्भाशयाचे आजार कसे ओळखतात आणि त्यावर काय करतात

मधल्या वयाची, नसबंदी न झालेली कुत्री. महिना-दीड महिन्यापूर्वी माजावर येऊन गेलेली. हल्ली ती सारखी पाण्याच्या भांड्यापाशी जाते, रात्री लघवीसाठी उठवते, खाणं अर्धवट सोडते आणि दिवसभर पडून असते. घरातले म्हणतात, उकाडा वाढलाय, वयही झालंय, काहीतरी उलटसुलट खाल्लं असेल. यातलं काहीही खरं असू शकतं. पण पशुवैद्य हे वर्णन ऐकताच आधी एकच गोष्ट विचारतो: शेवटचा माज कधी झाला? उत्तर 'एक-दोन महिन्यांपूर्वी' असं आलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो गर्भाशयावरच संशय ठेवतो. घरच्यांनीही तेच करावं, म्हणून हा लेख.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात, म्हणजे गर्भाशयात पू साठणं. कुत्रीच्या गर्भाशयाचे आजार बरेच आहेत, पण सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक, आणि वेळेत न ओळखल्यास जीव घेणारा, तो हाच. त्यामुळे बाकीच्यांबद्दल पुढे थोडक्यात, याबद्दल सविस्तर.

हे माजानंतरच का होतं?

बाईच्या पाळीशी तुलना केली की इथे गोंधळ होतो. कुत्रीचं रक्त माजाच्या सुरुवातीला जातं, स्त्रीबीज सुटण्याच्या आधी. त्यानंतर ती नराला जवळ येऊ देते. हा सगळा काळ साधारण तीन आठवड्यांचा. तो संपला की घरच्यांच्या दृष्टीने विषय मिटतो. शरीराच्या दृष्टीने मात्र मोठा टप्पा आता सुरू होतो. बीज सुटलेल्या जागी अंडाशयात तयार झालेल्या ग्रंथी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवू लागतात आणि सुमारे दोन महिने बनवत राहतात. कुत्री गाभण असो वा नसो. गाय, घोडी अशा बऱ्याच प्राण्यांत गर्भ राहिला नाही तर शरीर ही तयारी लवकर मोडून टाकतं. कुत्रीत तसं होत नाही. नराशी संबंध आलेलाच नसला, तरी तिचं गर्भाशय दोन महिने पिल्लांची वाट पाहत असल्यासारखं वागतं. खोटी गाभण राहणं, अंगावर दूध येणं, खेळणी कुशीत घेऊन बसणं हेही याच काळानंतर दिसतं.

प्रोजेस्टेरॉन चार कामं करतं. गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी फुगवून त्यांच्याकडून स्राव करवून घेतं. गर्भाशयाचे स्नायू शांत ठेवतं. गर्भाशयाचं मुख बंद करतं. आणि तिथली रोगप्रतिकारशक्ती जरा मंद करतं, कारण गर्भ हा आईच्या शरीराला परकाच असतो. पिल्लं असतील तर या चारही गोष्टी त्यांच्या भल्याच्या. पिल्लं नसतील तर जंतूंना वाढायला यापेक्षा सोयीची जागा नाही: उबदार, पोषक द्रव भरलेली, बाहेर ढकलणारं कोणी नाही आणि पहारा ढिला.

जंतू येतात बहुधा तिच्याच आतड्यातून. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचं मुख उघडं असतं, तेव्हा शेपटीखालच्या भागातले जंतू योनीमार्गे वर जातात. ई. कोलाय हा त्यातला मुख्य. निरोगी गर्भाशय त्यांना हुसकावून लावतं. पण दर माजाला अस्तर फुगतं, पुन्हा ओसरतं, आणि प्रत्येक वेळी थोडी खूण मागे राहते. काही वर्षांत अस्तरात बारीक बारीक पाण्याच्या गाठी होतात आणि ते जंतूंना थारा देऊ लागतं. म्हणून हा आजार पाच-सहा वर्षांपुढच्या कुत्र्यांत जास्त दिसतो. कुत्रीची पाळी बाईसारखी वयाबरोबर थांबत नाही. दोन माजांमधलं अंतर वाढेल, रक्त कमी जाईल, पण बाराव्या वर्षीही माज येतो आणि त्याबरोबर हा धोकाही. तरुण कुत्री यातून सुटलेली आहे, असंही नाही.

किती जणींना होतो? स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी सरसकट केली जात नसे आणि तिथे कुत्र्यांचा आरोग्यविमा खूप लोक काढतात, त्यामुळे तिथले आकडे उपयोगाचे आहेत. विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं की वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत साधारण दर चार-पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा होतो. काही जातींत प्रमाण याहून बरंच जास्त आहे. रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर आणि बर्नीज माउंटन डॉग त्यांतल्या.

धोका वाढवणारी आणखी एक गोष्ट माणसांच्या हातातली आहे: हार्मोनची इंजेक्शनं. नको असलेला संबंध झाल्यावर गर्भ राहू नये म्हणून दिलेलं इस्ट्रोजेन, किंवा माजच येऊ नये म्हणून दिलेली प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं. इस्ट्रोजेनमुळे अस्तर प्रोजेस्टेरॉनला अधिक जोरात प्रतिसाद देतं. माज लांबवणारी औषधं तर प्रोजेस्टेरॉनचंच काम करतात. 'एक इंजेक्शन दिलं की झालं' हा सल्ला ज्यांना मिळतो, त्यांना ही दुसरी बाजूही सांगायलाच हवी. असं इंजेक्शन पूर्वी कधी दिलं असेल तर तपासणीच्या वेळी आठवणीने सांगा, कारण त्यामुळे अगदी लहान वयातल्या कुत्रीतही पायोमेट्राचा संशय घ्यावा लागतो.

उघडा आणि बंद

गर्भाशयाचं मुख थोडं उघडं असेल तर पू बाहेर येतो. पिवळसर, हिरवट, तपकिरी किंवा रक्तमिश्रित, बहुतेकदा वास येणारा. हा 'उघडा' प्रकार. मुख बंद असेल तर बाहेर टिपूसही दिसत नाही आणि सगळा पू आत साठत जातो. हा 'बंद' प्रकार जास्त धोक्याचा, कारण एकतर तो उशिरा कळतो, आणि दुसरं म्हणजे जंतूंचं विष आत कोंडून रक्तात उतरत राहतं. फुगलेलं गर्भाशय फुटलं किंवा त्यातून पू झिरपला तर पोटभर संसर्ग पसरतो.

उघड्या प्रकारातही स्राव नजरेला पडेलच असं नाही. कुत्री स्वच्छताप्रिय असते, ती चाटून साफ करते. सारखं मागचा भाग चाटणं हीच कधीकधी पहिली खूण असते. अशा वेळी फरशीपेक्षा ती झोपते ते अंथरूण बघा, आणि शेपटीच्या मुळाशी व मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला केस चिकटलेत का ते बोटांनी चाचपून पाहा. पांढऱ्या कापडावर झोपवलं तर रात्रभरातला छोटासा डागही सकाळी दिसतो.

ताप असेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच जणींना ताप नसतो. विष अंगात भिनलेल्या कुत्रीचं तापमान उलट नेहमीपेक्षा खालीही जातं, आणि ते जास्त वाईट लक्षण आहे. उलट्या, खाणं बंद, पोट ताठ किंवा फुगलेलं, हिरड्या फिक्या किंवा विटकरी लाल, उठताना मागचे पाय लटपटणं: यातलं काहीही माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत दिसलं तर सकाळची वाट पाहू नये.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरी सगळ्यात आधी लक्षात येऊ शकणारी गोष्ट हीच आहे. ई. कोलायचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं. लघवी दाट करण्यासाठी मेंदूकडून जो हार्मोनचा निरोप येतो, तो मूत्रपिंडाला पोचेनासा होतो. पाणी लघवीवाटे निघून जातं आणि ते भरून काढायला ती पीत राहते. म्हणजे जास्त पिते म्हणून जास्त लघवी होते असं नसून, जास्त लघवी होते म्हणून तिला जास्त प्यावं लागतं. घरात लघवी होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणं ही मोठीच चूक. त्याने काही तासांत ती कोरडी पडू शकते.

मोजायचं असेल तर सोपं आहे. सकाळी भांड्यात मोजून पाणी भरा, दिवसभरात घातलेलं लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. चोवीस तासांत वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी गेलं तर ते नक्कीच जादा. 15 किलोच्या कुत्रीसाठी ही रेघ दीड लिटरवर येते. कोरडं खाद्य खाणारी कुत्री मुळातच जरा जास्त पिते, तरी या रेघेच्या बरीच खाली राहते. अर्थात ती मलूल असेल, उलट्या करत असेल, तर मोजमाप करत दिवस घालवू नये. मोजमाप धडधाकट दिसणाऱ्या कुत्रीसाठी आहे.

निदान

तपासणीत पोटाला हात लावताना चांगला पशुवैद्य मुद्दाम हलका दाब देतो, कारण पूने भरलेल्या गर्भाशयाची भिंत पातळ झालेली असू शकते. पोटात सुई घालून 'पू आहे का बघू' असं तर कधीच करत नाहीत. लघवीचा नमुना मूत्राशयातून सुईने काढतानाही इथे जपावं लागतं, कारण गर्भाशय मूत्राशयाला लागूनच असतं.

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी बहुधा खूप वाढलेल्या दिसतात आणि त्यात अपरिपक्व पेशींचा भरणा असतो. पण पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून पायोमेट्रा नाही, असं म्हणता येत नाही. स्राव वाहून जात असेल तर आकडा फारसा वाढत नाही, आणि शरीर हरत आलं असेल तर तो खालीही येतो. रक्ततपासणीचं खरं काम दुसरं आहे: मूत्रपिंडं कशी चालली आहेत, यकृतावर किती ताण आहे, रक्त किती उतरलंय, साखर आणि क्षार कुठे आहेत. भूल देण्याआधी हे माहीत असावं लागतं. साखर बघण्याला तर आणखी एक कारण आहे. प्रोजेस्टेरॉनच्या याच दोन महिन्यांत काही कुत्र्यांमध्ये इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि मधुमेह वर येतो. त्यातही तहान आणि लघवी वाढतेच.

निदान पक्कं करते ती सोनोग्राफी. कुत्रीचं गर्भाशय म्हणजे एक छोटा मधला भाग आणि त्यातून दोन्ही बाजूंना गेलेल्या दोन लांब नळ्या. त्यांना गर्भाशयाची शिंगं म्हणतात. माज नसताना ही शिंगं इतकी बारीक असतात की आतड्याच्या वेटोळ्यांत ती पडद्यावर सापडणंही कठीण. पायोमेट्रात ती आपोआप समोर येतात. मूत्राशयाच्या काळ्या वर्तुळाशेजारी आणखी काळ्या-करड्या पोकळ्या दिसतात. प्रोब जरा फिरवला की त्या लांबट नळ्या आहेत हे कळतं, आणि आत करडे ठिपके हळूहळू घुमताना दिसतात. मोठ्या कुत्रीत एकेक शिंग मनगटाएवढं जाड झालेलंही आढळतं.

क्ष-किरणातही फुगलेलं गर्भाशय दिसतं, पण एक अडचण राहते. पिल्लांची हाडं क्ष-किरणात दिसू लागायला गाभणकाळाचे सहा आठवडे उलटावे लागतात. त्याआधी पू आणि गर्भ यांत फरक करता येत नाही. सोनोग्राफीत चौथ्या आठवड्यापासून पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, त्यामुळे हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. तरी एक गोष्ट सोनोग्राफीही ठामपणे सांगू शकत नाही: आतला द्रव पू आहे की नुसता चिकट स्राव किंवा पाणी. जंतू नसलेला असा द्रवही साठतो, आणि ती कुत्री सहसा आजारी दिसत नाही. म्हणून पडदा, रक्त आणि समोरची कुत्री यांचा एकत्र विचार करूनच निर्णय घ्यायचा असतो.

उपचार

अंडाशयं आणि गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकणं हा उपचार. यात घुटमळण्यासारखं फार थोडं आहे. नुसत्या अँटिबायोटिकवर का भागत नाही, हे वर सांगितलेल्या कारणांतच आहे: औषध रक्तातून जातं, पू पोकळीत साठलेला असतो, आणि प्रोजेस्टेरॉन चालू आहे तोवर ती पोकळी रिकामीही होत नाही. गोळ्यांनी दोन-चार दिवस कुत्री टवटवीत दिसते, घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग ती आधीपेक्षा जास्त खालावून परत येते. ही उसंत फार महाग पडते.

शस्त्रक्रियेआधी शिरेतून सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक देऊन रक्तदाब आणि मूत्रपिंडं सावरतात. हे काही तासांचं काम, दिवसांचं नव्हे, कारण विषाचा साठा आत आहे तोवर कुत्री पूर्ण सावरूच शकत नाही. ही शस्त्रक्रिया नेहमीच्या नसबंदीसारखी दिसली तरी तशी नसते. रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, भिंत नाजूक असते, अवजड गर्भाशय न फुटता बाहेर काढावं लागतं. त्यामुळे खर्चही जास्त आणि नंतरची देखरेखही.

"दहा वर्षांच्या कुत्रीला भूल कशी द्यायची?" ही भीती मला मनापासून समजते. पण तुलना 'भूल' आणि 'भूल नाही' यांच्यात नसते. ती भूल आणि पोटात वाढत जाणारा पू यांच्यात असते. वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य कुत्र्या वाचतात, वयस्कर कुत्र्याही. मूत्रपिंडं आधीच खराब नसतील तर त्यांचं कामही सहसा पूर्वपदावर येतं, आणि तहान पुढच्या काही दिवसांत-आठवड्यांत उतरते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर चाटू न देणं आणि उड्या मारू न देणं, हे घरच्यांचं काम. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीही ती काहीच खात नसेल, उलट्या सुरूच असतील, पोट फुगत असेल किंवा लघवी होत नसेल, तर लगेच कळवावं.

औषधांनी गर्भाशय रिकामं करण्याचा मार्गही आहे, पण तो मोजक्या कुत्र्यांसाठी: तरुण, प्रकृती चांगली, आणि जिच्यापासून पुढे पिल्लं घ्यायचीच आहेत अशी. त्यात प्रोजेस्टेरॉनची वाट अडवणारं अ‍ॅग्लेप्रिस्टोन किंवा गर्भाशयाचे स्नायू आवळणारं प्रोस्टाग्लँडिन वापरतात, कधी दोन्ही, जोडीला अँटिबायोटिक. प्रोस्टाग्लँडिननंतर काही काळ धाप, लाळ, उलट्या, जुलाब होतात, म्हणून कुत्रीला दवाखान्यातच ठेवून देतात. मुख बंद असताना हे औषध देणं धोक्याचं, कारण आवळलेल्या गर्भाशयातला पू बाहेर न जाता पोटात जाऊ शकतो. पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून पोकळी रिकामी झाल्याची खात्री करावी लागते. आणि अस्तर तेच राहत असल्याने आजार उलटू शकतो, म्हणून पुढच्याच माजाला पिल्लं घेऊन नंतर नसबंदी करण्याचा सल्ला देतात. जिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, तिच्यासाठी केवळ शस्त्रक्रिया टाळायची म्हणून हा मार्ग धरू नये.

व्यायल्यानंतरचे आणि इतर

व्याल्यावर दोन-चार दिवसांत ताप, दुर्गंधी येणारा लालसर-तपकिरी स्राव, दूध आटणं आणि पिल्लांकडे दुर्लक्ष अशी लक्षणं दिसली तर तो गर्भाशयाचा तीव्र संसर्ग, मेट्रायटिस. वार किंवा मेलेलं पिल्लू आत राहिल्याने, किंवा व्यायला त्रास झाल्याने तो होतो. आई आणि पिल्लं दोघांवरही बेतू शकतं. याउलट, व्यायल्याबरोबर दिसणारा गडद हिरवा स्राव पाहून घाबरू नये. तो रंग वारेतल्या रंगद्रव्याचा असतो. पुढे तो लालसर-तपकिरी होतो आणि तीन-चार आठवड्यांत कमी होत थांबतो. मात्र एकही पिल्लू बाहेर आलेलं नसताना हिरवा स्राव दिसला, तर वार सुटू लागली आहे आणि पिल्लांना धोका आहे असं समजून तातडीने जावं. पहिलटकरणीत कधीकधी दीड महिन्यानंतरही थेंब थेंब रक्त जात राहतं. ती खाते-पिते, ताप नाही, तर वारेच्या जागा भरून यायला उशीर लागतोय, एवढाच त्याचा अर्थ असतो. तरी एकदा दाखवून घ्यावं.

मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत संबंधातून पसरणारी एक गाठ असते. ती गर्भाशयात नाही, योनीत वाढते, पण तिच्यातून गळणारं रक्त माजाचं समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहतं. 'माज संपतच नाही' असं वाटलं की हिची शंका घ्यावी. बहुतेकदा ती व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या काही आठवड्यांच्या इंजेक्शनांनी बरी होते. गर्भ पडला असेल तर ब्रुसेला कॅनिस या जंतूची तपासणी करून घ्यावी. तो माणसालाही होऊ शकतो, तेव्हा पडलेला गर्भ किंवा स्राव उघड्या हाताने साफ करू नये.

टाळता येतो का?

हो, नसबंदीने. नेमकी कोणत्या वयात करावी, यावर मतं वेगवेगळी आहेत. मोठ्या जातींत सांध्यांच्या वाढीसाठी थांबण्याचा सल्ला बरेच जण देतात, लहान जातींत लवकर केली तरी चालते. पिल्लं घ्यायची नसतील तर करावी, एवढं माझं मत स्पष्ट आहे. शक्यतो माज होऊन दोन-तीन महिने गेल्यावर, रक्तपुरवठा आणि हार्मोन शांत असताना. 'एकदा तरी पिल्लं झाली की गर्भाशय निरोगी राहतं' हा समज धरून बसू नये. व्यायलेल्या कुत्रीलाही पायोमेट्रा होतो. नसबंदी करायची नसेल, तर दर माजाची तारीख लिहा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिच्या पाण्याकडे, भुकेकडे आणि अंथरुणाकडे लक्ष ठेवा.

नसबंदी झालेल्या कुत्रीतही क्वचित असाच पू येतो. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर तो हार्मोन बनवत राहतो आणि गर्भाशयाच्या उरलेल्या बुंध्यात संसर्ग होतो. नसबंदीनंतरही नर मागे लागतात, योनी सुजते, यावरून हे सुचतं. अंडाशयाचा अंश आहे का, हे रक्तातल्या ए. एम. एच. नावाच्या हार्मोनवरून तपासता येतं. ते आढळलं तर राहिलेला तुकडा शोधून काढावा लागतो. नाही आढळलं, तर घरात कोणी इस्ट्रोजेनचं मलम हातापायाला लावतं का, ते विचारतात. कुत्री ती त्वचा चाटते आणि हार्मोन तिच्या पोटात जातं. तेव्हा मलम लावलेली जागा झाकून ठेवली की बऱ्याचदा लक्षणं आपोआप ओसरतात.